दोन बहिणी, दोन अंगठे आणि एक हक्कसोडपत्र

खाडीकाठची

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी बहिणी तालुक्याच्या गावी हक्कसोडपत्राच्या नोंदणीला गेलो होतो. वडील जाऊन वर्ष झालं. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि आम्हा दोघींची नावं चढली. त्याला दोन महिने होतात न होतात तोच भावाचा फोन आला, "एकदा येऊन सही करून जा, म्हणजे कागद सुटसुटीत होईल." कुणी दरडावलं नाही, कुणी भांडलं नाही. आईने सकाळी घावणे केले होते आणि आम्हा दोघींसाठी साड्या काढून ठेवल्या होत्या.

मी डोंबिवलीत राहते, विमा कंपनीत नोकरी करते. बहीण लग्न करून शेजारच्याच वाडीत गेली. तिचा नवरा मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येतो. ती नऊ वर्षं काजूच्या कारखान्यात जाते.

माझं काम दोन मिनिटांत झालं. यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवला, ठसा उमटला, फोटो निघाला. धाकटीचा अंगठा मात्र यंत्र घेईना. कारकुनाने फडक्याने काच पुसली. तिला हात धुऊन यायला सांगितलं. डावा अंगठा झाला, मग एकेक बोट. मागे रांग खोळंबली होती आणि ती प्रत्येक वेळी "सॉरी हां" म्हणत होती. मी तिचा हात हातात घेऊन पहिल्यांदाच नीट पाहिला. अंगठ्यावर रेषाच नाहीत. कातडी गुळगुळीत, काळपट, नखाच्या कडेला चिरा. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते भाजतं, कातडी सोलवटून निघते, नवी येते आणि तीही जळते. बायका हाताला एरंडेल लावतात, राख चोळतात. हातमोजे घातले की हात चालत नाही, आणि पैसे किलोवर, म्हणून मोजे बाजूला पडतात. शेवटी कुठल्यातरी बोटाचा ठसा उमटला आणि आम्ही दोघी मोकळ्या झालो. जमिनीतून.

परत येताना एसटीत तिने मला विचारलं, "ताई, मी सही केली ती माझं माहेर इथं हाकेवर आहे म्हणून. उद्या नवऱ्याचं काही झालं तर भावाच्याच दारात यायचं आहे मला. तुला पगार आहे, घर आहे. तू का केलीस?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तेच डोक्यात आहे, म्हणून हा धागा.

आम्हा दोघींचं जगणं किती वेगळं आहे हे मी गेली वीस वर्षं लोकांना सांगत आले. ती पहाटे उठून विहिरीवर जाते. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, पण जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळी पठार, पाणी धरत नाही, सगळं समुद्राला जातं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये वाडीवर टँकर आणि बायकांच्या डोक्यावर हंडे. माझ्या नळाला पाणी येतं. तिला जवळचा चांगला दवाखाना गाठायचा तर अर्धा दिवस मोडतो, मला खाली उतरलं की तीन दवाखाने. तिच्या मुलीने बारावीनंतर काय करायचं हे मुंबईहून फोनवर ठरतं. माझ्या मुलीने स्वतः ठरवलं.

हे सगळं खरंच आहे. पण मीही पाचला उठते. डबे, सासूबाईंची औषधं, मुलीचा क्लास, आज भाजी काय, गॅस कधी लावलाय, हे सगळं माझ्याच डोक्यात असतं. नवरा चांगला आहे, भाजी आणून देतो, पण कुठली आणायची ते मी सांगायचं. २०१९ सालच्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या ग्रामीण बाईचा त्यात दिवसाला ३०१ मिनिटं वेळ जातो, शहरी बाईचा २९३. मिक्सर, वॉशिंग मशीन, कुकर, नळाचं पाणी, एवढं सगळं हाताशी असून आठ मिनिटांचा फरक. घरकाम करणाऱ्या पुरुषांची मिनिटं दोन्हीकडे शंभराच्या आत, आणि मुळात दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात सव्वीस.

आणि आता हा कागद. तिच्या अंगठ्यावर रेषा नाहीत, माझ्या अंगठ्यावर आहेत, पण दोन्ही अंगठे एकाच रकान्यात उमटले.

तुमच्या घरी काय झालं? लेकी-सुनांची नावं कुठल्या कागदावर आहेत? मनापासून विचारतेय.

सुरंगी

ताई, तुमच्या बहिणीचा हात डोळ्यांसमोर आला. माझ्या जावेचे असेच आहेत.

मी दापोलीच्या बाजूची, गावातच राहते. सुपारी-नारळाची वाडी आहे, ती मी आणि सासूबाई बघतो. शिंपणं, शेण-पाला, सुपाऱ्या वेचणं, सोलणं, वाळवणं, सगळं आमचंच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा घरात आम्ही दोघी आणि मुलं. आधी कौलं उडाली, मग एकेक माड मोडल्याचा आवाज. माझ्या आजेसासऱ्यांनी लावलेली झाडं होती. दुसऱ्या दिवशी सगळी वाडी आडवी.

पंचनाम्याला आलेल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "सातबाऱ्यावर कोण?" सातबाऱ्यावर तेरा नावं. सासरे, चुलत सासरे, त्यातले चार हयात नाहीत, बाकीचे मुंबई, बोरिवली, विरार. माझं नाव नाही, सासूबाईंचंही नाही. मग प्रत्येकाचं संमतीपत्र आणा. लॉकडाऊनमध्ये आम्ही दोन बायका सगळ्या वारसांना फोन करत बसलो होतो. एक दीर म्हणाले, आमच्या हिश्श्याचे किती ते आधी सांगा. झाडांना पाणी कुणी घातलं हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.

पैसे शेवटी आले, ते सासऱ्यांच्या खात्यात. सासरे चांगले आहेत, त्यांनी रोपांना दिले. पण ते चांगले निघाले म्हणून झालं, कागदामुळे झालं नाही.

लालबागचा_चाकरमानी

धागा चांगला आहे, पण भावाची बाजूही कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो.

कोकणातली जमीन म्हणजे काय? वीस गुंठ्यांचे आठ तुकडे, त्यात पाच सड्यावर. उत्पन्न शून्य. गावचं घर वर्षातले अकरा महिने बंद, तरी दर दोन वर्षांनी कौलं चाळायची, वाळवी बघायची, घरपट्टी भरायची. गणपतीचा खर्च, गावकीची वर्गणी, देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती, हे सगळं भाऊ करतो. बहीण गौरीच्या ओवशाला येते, तिला साडी-पातळ, मुलांना काही, ते आनंदाने करतो. उद्या सातबाऱ्यावर अजून चार नावं चढली की पुढच्या पिढीत चाळीस होतील आणि घराचा एक वासा बदलायलाही सगळ्यांच्या सह्या लागतील. सुरंगीताईंनी तेरा नावांचा त्रास सांगितलाच आहे.

माझ्या दोन्ही बहिणींनी सही केली. आमच्यात आजही काडीचा दुरावा नाही.

सुरंगी

दादा, त्या तेरांत आमच्या घराण्यातल्या एकाही लेकीचं नाव नव्हतं हो. तेराच्या तेरा पुरुषच. बायकांची नावं वगळूनसुद्धा तुकडे झालेच की.

दस्तऐवज

माझं काम याच क्षेत्रातलं, म्हणून चार गोष्टी नीट लिहितो. धाग्यावर वाचणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची ती अट गेली. तरीही "वडील २००५ पूर्वी वारले, तुम्हाला काही नाही" असं सांगून कित्येकींना परत पाठवलं जात होतं. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं की हक्क जन्माने आहे, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

आता हक्कसोड. "मला नको" असं तोंडी म्हणून हक्क जात नाही, नोंदणीकृत दस्त लागतो. तो एकदा झाला की परत फिरवणं फार कठीण, फसवणूक किंवा जबरदस्ती न्यायालयात सिद्ध करावी लागते. म्हणून सहीआधी घरी बसून, चार दिवस घेऊन वाचा. त्यावरून फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावांतला बदल, धरला की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात, तोही कागद कपाटात टाकू नका.

आणि चाकरमानी साहेबांसाठी: नाव ठेवणं म्हणजे वाटणी मागणं नाही. बहिणीचं नाव सहहिस्सेदार म्हणून राहू दे, वहिवाट भावाची चालू दे, तसं आपसात लिहून ठेवा. विकायची वेळ आली तर तिला विचारावं लागेल, एवढाच फरक. घरात माणसं सलोख्याने राहतात ना? मग तिला विचारायला अवघड का वाटावं?

रत्नांग्रीची_लेक

शेवटचं वाक्य वाचून थांबले. आमच्याकडे जमीन पडून होती तोवर आत्याचं नाव तसंच होतं, कुणाला आठवणही नव्हती. महामार्गाच्या चौपदरीकरणात मोबदल्याची नोटीस आली आणि आठ दिवसांत आत्याला गाडी पाठवून गावाला नेलं, सहीला.

दर्यावर्दी

आमच्या कोळी समाजात बायकांच्या हातात पैसा असतो असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. मी हर्णैची. संध्याकाळी होड्या लागल्या की बैलगाडीतून मासळी वाळूवर येते, लिलाव सुरू होतो, बोली लावायला बायका पुढे. माझी आई पापलेटच्या ढिगाकडे नुसतं बघून सांगायची किती किलो भरेल. घरात पैसे तिच्याकडे, बाबा तिच्याकडून मागून घ्यायचे. जून-जुलैच्या बंदीत घर चालायचं ते तिने वाळवून ठेवलेल्या सुक्या मासळीवर.

पण बोट बाबांच्या नावावर. मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व बाबांचं. डिझेलचा परतावा बाबांच्या खात्यात. आईने दागिने मोडून इंजिन घेतलं होतं, पण ते कुठेच लिहिलेलं नाही. बाबा गेले तेव्हा बोट काकांकडे गेली, कारण "बाई दर्यावर जाणार आहे का?" हा एकच प्रश्न सगळ्यांनी विचारला. बोट भाड्याने देता येते, बोट चालवायला तांडेल ठेवता येतो, हे कुणाला सुचलं नाही. सुचलं असेल तर बोललं नाही.

आई नंतर बाजारात बसून मासे विकायची. तिथे शौचालय नव्हतं. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत ती पाणी प्यायची नाही. मूत्रपिंडाचं दुखणं तिथूनच लागलं. मी आता ठाण्यात राहते, इथल्या मासळीबाजारातल्या मावश्यांना विचारलं, त्याही पाणी पीत नाहीत. शहर आणि गाव, फरक सांगा मला.

पुण्यात_भाड्याने

मला मूळ लेखातलं एक पटलं नाही, स्पष्ट लिहिते, राग मानू नका खाडीकाठचीताई.

मी २७ वर्षांची, लांज्याच्या पलीकडची, पुण्यात नोकरी करते. फरक आठ मिनिटांचा नाही. घरमालक "मुली रात्री किती वाजता येता" विचारतो, ते चीड आणणारं आहेच, पण मी घर बदलू शकते. माझी चुलत बहीण माझ्याच वयाची. ती बारावीनंतर गावात राहिली कारण आजीला बघायला कुणीतरी हवं होतं, आणि ते "कुणीतरी" भाऊ असू शकत नव्हता. आज तिला बाजारात जायचं तरी दोन घरी सांगावं लागतं. दार उघडून बाहेर पडता येणं याची किंमत जिला ते येत नाही तिला विचारा.

आणखी एक. लोक समजतात शहरातल्या बायका कमावतात आणि गावातल्या घरी बसतात. सरकारचीच २०२३-२४ ची श्रमशक्ती पाहणी बघा: १५ वर्षांवरच्या ग्रामीण बायकांतल्या ४७.६ टक्के कामात किंवा कामाच्या शोधात, शहरी फक्त २८. पण गावच्या त्या आकड्यात घरच्या शेतात, घरच्या दुकानात बिनपगारी राबणाऱ्या कितीतरी आहेत. काम मोजलं गेलं, मजुरी कुणी दिली नाही.

खाडीकाठची

राग कसला मानायचा. दार उघडून बाहेर पडण्याचं तुम्ही लिहिलंत ते बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ती पोरगी बरोबर बोलतेय. ताईला वाटतं आपण सारख्या, कारण ताई जाऊ शकते." मी ते मान्य करते. आठ मिनिटांचा आकडा खरा असला तरी त्यावर सगळं तोलायला नको होतं.

आंब्याची_पेटी

आमच्या कलमांच्या बागेत गड्याला सहाशे, बाईला साडेतीनशे. आंबा उतरवतो तो गडी. निवडते, प्रतवारी लावते, गवत घालून पेटी भरते ती बाई. एका डागी फळाने सगळी पेटी जाते, म्हणजे बाईचा हात चुकला तर नुकसान जास्त. समान काम, समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच आला. यंदा मी दोघांना सारखी मजुरी दिली. शेजारचे बागायतदार अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, म्हणतात मजुरी चढवून ठेवलीस. पुढच्या वर्षीही देणार.

खाडीपट्टा

आमच्या कोकणी मुसलमानांतही घराघरांत बायकाच, पुरुष कुवेत, दोहा नाहीतर बोटीवर. आमच्यात मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा, ठरलेला. तो निम्मासुद्धा मागणारी बहीण मी एकच पाहिली, आणि तिला तिच्या भाचीच्या निकाहला बोलावलं नाही. धर्म वेगळा, कायदा वेगळा, पण "भावाशी वाकडं नको" हे वाक्य अगदी तुमच्याच घरातलं.

माजी_उपसरपंच

मी पाच वर्षं महिलांच्या राखीव जागेवर होते. ३३ टक्के घटनेने १९९३ पासून, आणि आपल्या राज्यात २०११ पासून निम्म्या जागा. खुर्ची मिळाली, मिळाली नाही असं म्हणणार नाही. पाण्याच्या टाकीची जागा मी बदलून घेतली. आधी ती पुढाऱ्याच्या घराजवळ होती, मी वरच्या वाडीत नेली, कारण हंडा कुणाला किती चढावा लागतो हे मला माहीत होतं.

पण कोकणात दोन सत्ता असतात, हे बाहेरच्यांना कळत नाही. एक ग्रामपंचायत आणि एक गावकी. गावकी देवळात बसते, रात्री. वर्गणी चुलीमागे घेतात, आणि चूल तर बाईची, पण बैठकीला घरटी एक पुरुष. ज्या घरात पुरुष मुंबईत, त्या घरातून दहावीतला मुलगा जाऊन बसतो आणि त्याची आई घरी. मी उपसरपंच असताना सुद्धा पायरीच्या खाली उभी राहून ऐकायचे. पालखी कुठल्या वाटेने जाणार, पाणंद कुणाच्या कुंपणातून जाणार, कुणाला वाळीत टाकायचं, हे तिथे ठरायचं आणि दुसऱ्या दिवशी पंचायतीत नुसतं लिहिलं जायचं.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. त्याच वेळी मुंबई शहरात हजारामागे ८३२. म्हणजे आमचे पुरुष तिकडे आणि गाव आमच्या जिवावर. तरी त्या देवळात एकही बाई नाही.

मी एक केलं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यावी असा नियमच आहे, बहुतेक ठिकाणी ती कागदावर होते. मी ती खरोखर घ्यायला लावली, शाळेत, दुपारी तीनला, पुरुष कर्मचारी सोडून कुणाला आत नाही. पहिल्या सभेला अकराजणी आल्या आणि कुणीच बोललं नाही. चौथ्या सभेला साठ आल्या आणि एका म्हाताऱ्या काकूंनी उठून विचारलं, "माझ्या घरावर माझं नाव लागतं का?" त्या घराची घरपट्टी त्या तीस वर्षं भरत होत्या.

लागतं. ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर, नमुना ८ वर, नवरा-बायको दोघांची नावं लावायची तरतूद आहे. नवऱ्याचं संमतीपत्र आणि अर्ज, वकील लागत नाही. खाडीकाठचीताई, तुमची बहीण सासरी राहते ते घर कुणाच्या नावावर आहे, बघा.

मालवणी_माणूस

माझी आवस म्हणायची, "घर बायलेचा, नाव घोवाचा." आज हो धागो वाचून तिची आठवण इली. बाबा गेल्यार तिचा नाव लावूक आमका चार वर्सां लागली. आता मी माझ्या घराक बायकोचा नाव आधी लावतलंय, मगे माझा.

लालबागचा_चाकरमानी

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. दर्यावर्दीताईंच्या आईचं वाचून रात्री झोप आली नाही. माझ्या मोठ्या बहिणीला फोन केला, विचारलं, सही करताना काय वाटलं होतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू विचारलं असतंस ठेवायचं का, तर मी नाहीच म्हटलं असतं. पण तू विचारलं नाहीस."

आठ वर्षं झाली त्या सहीला. यापुढे काय करता येतं ते दस्तऐवज साहेबांना व्यक्तिगत निरोपातून विचारतो.

खाडीकाठची

चार महिन्यांनी धागा वर काढतेय.

गणपतीला गावाला होते. मेहुणे आले होते. गौरी जेवल्या त्या रात्री बहिणीने भांडी घासता घासता त्यांच्यासमोर विषय काढला, माजी उपसरपंचताईंनी लिहिलेला, घराच्या उताऱ्याचा. ते आधी म्हणाले, "आपल्यात आणि काय तुझं-माझं?" ती म्हणाली, "म्हणूनच दोघांचं लिहूया." सासू पडवीत सुपारी कातरत होती. ती म्हणाली, "लाव रे तिचं नाव. माझं राहिलं ते राहिलं." त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

विसर्जनानंतर दोघे पंचायतीत गेले, मीही सोबत गेले. मेहुण्यांनी संमतीपत्र दिलं. ग्रामसेवकांनी अर्ज बहिणीपुढे सरकवला. तिने दोन्ही तळवे साडीला पुसले आणि विचारलं, "अंगठा लागेल का?"

"अंगठा कशाला? सही येते ना?"

ती नववीपर्यंत शिकली आहे. पेन घेतलं आणि पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं. पोचपावतीचा फोटो तिने मला पाठवला आहे. पुढच्या मासिक सभेत विषय आहे.